संगणकाची मूळ प्रत आणि तिची निगा

(तालुका पातळीवरील प्रशिक्षण वर्गात शिक्षक, पंचायत सचिव व ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आणि व्याख्याता यांची जोडी पाहून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर. महाविद्यालयात मराठी आणि इतिहास हे माझे विषय होते आणि नोकरीत शिरल्यापासून प्रसिद्धिपत्रके लिहिण्यात माझा बहुतेक काळ गेला. संगणकाशी माझा संबंध ती पत्रके टंकलिखित करण्यापुरताच. असे असता हा विषय मी स्वतः मागून घेतला, त्याला एक कारण घडले. ते आधी निवेदन करतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस एका गावी निवासाचे व उत्पन्नाचे दाखले जागेवरच देण्याचे शिबिर भरले होते. प्रसिद्धीचे काम माझ्याकडे होते, म्हणून मीही हजर होतो. सकाळी नऊपासून लोक जमू लागले. आठ संगणक ओळीने मांडले होते आणि शिबिरासाठी ते सर्व आदल्या संध्याकाळी नव्याने भरून आणले असल्याचे मला मोठ्या समाधानाने सांगण्यात आले होते. दहा वाजता यंत्रे सुरू झाली. आठही पडद्यांवर एकच मजकूर उमटला, अपडेट सुरू आहेत, संगणक बंद करू नये. त्या मजकुरावर ठिपक्यांचे एक वर्तुळ फिरू लागले आणि दुपारचे जेवण होईपर्यंत ते फिरतच राहिले. मध्ये एकदा वीज गेली, तेव्हा दोन यंत्रांनी पहिल्यापासून आरंभ केला.

रांगेत एक वृद्ध बाई होत्या. डोंगराकडच्या वाड्यावरून पहाटेच्या बसने आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत कागद नीट गुंडाळून आणले होते. त्यांनी मला विचारले, "बाबा, काल नवें केलें न्हय? मागीर आयज कसली दुरुस्ती?"

मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी शिबिर पुढे ढकलल्याचे पत्रक मी लिहिले आणि त्यात "तांत्रिक कारणास्तव" हे शब्द घातले. हे शब्द मी माझ्या नोकरीत पुष्कळदा लिहिले आहेत आणि दर वेळी ते कारण काय होते हे ठाऊक नसतानाच लिहिले आहेत. त्या बाईंचा प्रश्न मात्र मनातून जाईना. पुढे जाणत्या मंडळींकडे बसून, चार ठिकाणी यंत्रे भरताना शेजारी उभे राहून मी जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

काल नवे केलेले यंत्र आज दुरुस्तीला का येते? कारण ते कालच्या तारखेचे नव्हतेच. ते तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचे होते.

हे जरा उलगडून सांगतो. संगणक नवा विकत घेतला किंवा जुना पुसून साफ केला, की त्यात प्रथम कार्यप्रणाली घालावी लागते, मग लेखनाची, हिशेबाची, छपाईची साधने. हे सर्व हाताने एकेक करीत बसले तर एका यंत्राला अर्धा दिवस सहज जातो आणि शाळेच्या प्रयोगशाळेत वीस यंत्रे असतात. म्हणून तंत्रज्ञ एक यंत्र मनासारखे तयार करतात आणि त्याच्या चकतीवर जे जे आहे त्याची जशीच्या तशी एक प्रत काढून ठेवतात. तिला डिस्क इमेज म्हणतात. आपण तिला मूळ प्रत म्हणू. ही प्रत पेन ड्राइव्हवर किंवा शाळेच्या मुख्य संगणकावर असते. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवली, की अर्ध्या-पाऊण तासात ते यंत्र पहिल्यासारखे होते. जुने तंत्रज्ञ यालाच अजून "घोस्ट करणे" म्हणतात, कारण १९९०नंतरच्या दशकात या कामाचे घोस्ट नावाचे साधन घरोघर पोहोचले होते. आज यासाठी तैवानमधील एका राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला हे साधन विनामूल्य मिळते, आणि विंडोजमध्ये तर २००७ साली आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून कार्यप्रणाली मुळी अशा प्रतीच्याच रूपात येते.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण आपल्या एक-चौदाच्या उताऱ्याचा दाखला घ्या. तीन वर्षांपूर्वी मामलेदार कचेरीतून घेतलेला उतारा पेटीत आहे. शिक्का आहे, सही आहे. तो खोटा आहे काय? मुळीच नाही. ज्या दिवशी दिला त्या दिवसापुरता तो अक्षरशः खरा आहे. परंतु मधल्या काळात एखाद्या भावाचे नाव चढले, कोणाचे कमी झाले, जमिनीचा तुकडा विकला गेला. नोंदवही पुढे गेली आणि उतारा होता तेथेच राहिला. त्या उताऱ्यावर आज कोणी व्यवहार करील तर फसेल. मूळ प्रतीचे तंतोतंत असेच आहे. ज्या दिवशी ती काढली त्या दिवशी काळ तिच्यात थांबला. बाहेर काळ थांबत नाही.

तो किती वेगाने पुढे जातो, तेही सांगतो. विंडोज बनविणारी मायक्रोसॉफ्ट ही कंपनी २००३ सालच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या कार्यप्रणालीच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या प्रसिद्ध करीत आली आहे. आपल्याकडे त्या मंगळवारी रात्री येऊन पोहोचतात. म्हणजे तीन वर्षे जुन्या प्रतीत असे छत्तीस मंगळवार यायचे राहून गेलेले असतात. यंत्र जागे होते, इंटरनेटची तार त्याला लागते आणि ते प्रथम आपली थकबाकी भरू लागते. तेच वर्तुळ आपण शिबिरात पाहिले.

शिक्षक मंडळींनी एक साधे गणित करून पाहावे. एका यंत्राला तीन गिगाबाइटची दुरुस्ती उतरवून घ्यायची आहे असे धरा. वीस यंत्रांना साठ गिगाबाइट झाले. शाळेची जोडणी सेकंदाला दहा मेगाबिटची आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून साठाचे झाले चारशे ऐंशी गिगाबिट, आणि त्यांना लागले अठ्ठेचाळीस हजार सेकंद, म्हणजे तेरा तास वीस मिनिटे. आणि हे सुद्धा त्या तारेवर दुसरे कोणी काहीही करीत नसेल तर. आपल्या खेडेगावांत, विशेषतः सत्तरी-सांगेकडच्या डोंगराळ भागात, पावसात ती तार किती वेळ शाबूत राहते ते मी आपल्याला सांगायला नको. शेजारशेजारच्या यंत्रांना उतरवलेली दुरुस्ती एकमेकांना देता येते, अशी सोय आहे. पण ती आधी नीट बसवून ठेवावी लागते आणि घाईच्या दिवशी तिची आठवण कोणाला होत नाही.

वेळेचा खोळंबा हे मात्र या दुखण्याचे सौम्य रूप झाले. दुसरे रूप अधिक गंभीर आहे.

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढे महिनाभराच्या आतच, ११ ऑगस्टला, त्याच उणिवेतून शिरणारी ब्लास्टर नावाची कीड जगभर पसरू लागली. तिला कोणी पत्र उघडावे, कळ दाबावी अशी गरजच नव्हती. यंत्र इंटरनेटला जोडलेले असणे तिला पुरेसे होते. त्या दिवसांत ज्यांनी २००१ सालच्या सीडीवरून विंडोज एक्सपी नव्याने भरले आणि दुरुस्ती आणण्यासाठी यंत्र थेट इंटरनेटला जोडले, त्यांची अवस्था विचित्र झाली. दुरुस्ती उतरून पुरी होण्याच्या आधीच, कित्येकदा काही मिनिटांतच, कीड आत येई. मग साठ सेकंदांत यंत्र बंद होत असल्याची सूचना पडद्यावर येई आणि अर्धवट उतरलेली दुरुस्ती तशीच राहून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. औषध आणायला बाजारात जावे आणि वाटेतच रोग जडावा, असा तो प्रकार. औषध घरातच, म्हणजे मूळ प्रतीतच, घालून ठेवणे एवढाच त्यावर खरा इलाज होता. ज्यांनी आपल्या प्रती ताज्या केल्या होत्या त्यांची नवी यंत्रे शाबूत राहिली.

२०१७ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. दुरुस्ती १४ मार्चला आली आणि वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू १२ मेला सुटला. मध्ये जवळजवळ दोन महिने मिळाले होते. तरी सुमारे दीडशे देशांत त्याचा उपद्रव झाला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत कुलूपबंद झालेल्या यंत्रांमुळे रुग्णांना परत पाठवावे लागले. तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर जो अहवाल दिला, त्यात रद्द झालेल्या रुग्णभेटी एकोणीस हजारांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. ज्या संस्थांना बाधा झाली त्यांची यंत्रे दुरुस्ती न केलेल्या अथवा पाठिंबा संपलेल्या विंडोजवर चालत होती. आता कल्पना करा. अशा प्रसंगानंतर कोणी रात्रंदिवस राबून यंत्रे पुसली आणि कपाटातली २०१६ सालची प्रत काढून त्यांवर पुन्हा उतरवली. त्याने काय केले? जी उणीव होती तीच वीस यंत्रांत पुन्हा, स्वतःच्या हाताने, जशीच्या तशी बसवली.

तेव्हा मूळ प्रत ताजी ठेवली पाहिजे. ती कशी ठेवावी, याकडे वळू.

तिचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत कोठल्याही यंत्रावर न उतरवता, कपाटातच, म्हणजे मुख्य संगणकावरच उघडतात. ती एखाद्या कप्प्यासारखी उघडते. तिच्यात नव्या दुरुस्तीचे पुडके घालायचे, बदल कायम करायचा आणि पुन्हा बंद करायची. विंडोजमध्ये यासाठी डिझम नावाचे साधन कार्यप्रणालीबरोबरच येते, त्यासाठी निराळा पैसा पडत नाही. दुसऱ्या मार्गात प्रत एका रिकाम्या यंत्रावर उतरवतात, त्या यंत्राला सर्व दुरुस्त्या घेऊ देतात, साफसूफ करतात आणि त्याची नवी प्रत काढतात. पहिला मार्ग स्वच्छ आहे, दुसरा सोपा वाटतो. माझे मत विचाराल तर पहिल्याची सवय लावून घ्यावी, आणि दुसरा धरायचाच झाला तर दर खेपेला मूळच्या कोऱ्या प्रतीपासून आरंभ करावा, मागच्या खेपेच्या प्रतीपासून नव्हे. आमच्या शास्त्रात जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासताना हीच अडचण येते. नकलेवरून नकल, तिच्यावरून आणखी नकल, आणि दर लेखकाने आपली एक चूक भर घातलेली. संगणक नकल करताना अक्षर चुकत नाही हे खरे. पण मधल्या काळात माणसाने त्या यंत्रात जो कचरा टाकला, तोही तो अक्षर न चुकता पुढच्या प्रतीत नेतो.

एक दिलासा देण्यासारखी गोष्ट अशी, की विंडोज १० पासून दर महिन्याच्या पुडक्यात मागील महिन्यांच्या दुरुस्त्याही अंतर्भूत असतात. छत्तीस महिने राहिले म्हणून छत्तीस पुडकी घालावी लागत नाहीत. सामान्यतः ताजे एक घातले की भागते. मात्र प्रत दर खेपेस थोडी फुगते. आणि येथे एक बारीक खोच आहे, तिने मी स्वतः एका तंत्रज्ञाला कपाळाला हात लावताना पाहिले आहे. पेन ड्राइव्ह पुष्कळदा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या आखणीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल मावत नाही. ड्राइव्हवर अठ्ठावीस गिगाबाइट जागा मोकळी दिसते आणि तरी साडेचार गिगाबाइटची प्रत त्यावर जाईना. अशा वेळी ड्राइव्ह बिघडला म्हणून नवा मागवू नये. डिझमनेच प्रतीचे दोन तुकडे करावेत, भरतेवेळी विंडोज ते आपोआप जोडून घेते. शिवाय जुन्या, बाद झालेल्या दुरुस्त्यांचे अवशेष प्रतीतून काढून टाकण्याची आज्ञाही त्याच साधनात आहे.

आता प्रतीत काय घालावे आणि काय घालू नये. जी साधने सावकाश बदलतात ती घालावीत. जी दर काही आठवड्यांनी बदलतात, उदाहरणार्थ इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर, ती प्रतीत न घालता यंत्र तयार झाल्यावर वेगळी घालावीत. नाही तर प्रत बंद केली त्याच महिन्यात शिळी होते. घर बांधताना आपण भिंती आणि छप्पर पक्के करतो, फुलदाणीतली फुले सिमेंटमध्ये बसवीत नाही.

मराठीचा प्रश्न येथे मी मुद्दाम काढतो, कारण परप्रांतातून किंवा शहरातून तयार होऊन आलेल्या प्रतीत त्याचा विचार क्वचित झालेला असतो. देवनागरी कळफलक प्रतीतच चालू करून ठेवावा, म्हणजे वीस यंत्रांवर वीस वेळा तो शोधावा लागत नाही. आपल्या कचेऱ्यांतील पुष्कळ जुने कागद मंगल या फॉन्टमध्ये आहेत. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नसून देवनागरीच्या पुरवणी संचात ठेवलेला आहे. पुरवणी घातली नसेल तर तोच कागद दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो आणि बिचाऱ्या लिपिकाला वाटते की फाइल बिघडली. ही पुरवणी प्रतीत घालावी. पण क्रम सांभाळावा. आधी भाषा आणि तिच्या पुरवण्या, मग महिन्याच्या दुरुस्तीचे पुडके. उलट केले तर भाषेचे भाग जुन्या आवृत्तीचे राहतात आणि दुरुस्ती पुन्हा घालावी लागते.

आता घालू नये त्याविषयी. एका शाळेत (नाव सांगत नाही, सांगण्याची आवश्यकताही नाही) प्रयोगशाळेचे सर्वांत चांगले चालणारे यंत्र म्हणून एका शिक्षकांचे रोजच्या वापरातले यंत्र निवडले गेले. त्याची प्रत काढली आणि ती सर्व यंत्रांवर उतरवली. काम सुरेख झाले. दुसऱ्या दिवशी आठवीच्या एका मुलाने यंत्र उघडले तो समोर त्या गुरुजींची टपालपेटी उघडी, आणि बाजूच्या कप्प्यात घटक चाचणीचे गुण, अजून जाहीर न झालेले. वीसही यंत्रांवर. गुरुजींनी ते प्रकरण हसून नेले, पण गुणपत्रकांत मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी होते आणि ते घरोघर गेले नाहीत हा केवळ योगायोग. मूळ प्रत नेहमी कोऱ्या यंत्रापासून काढावी. तिच्यात कोणाचा परवलीचा शब्द, कोणाचे पत्र, कोणत्याही विद्यार्थ्याचे वा अर्जदाराचे नाव असता कामा नये. ग्रामस्थ बंधूंनी हे लक्षात ठेवावे, कारण ही माहिती अखेर आपलीच असते आणि पंचायतीत नवे यंत्र आले की हा प्रश्न सचिवांना विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

याच्याच जोडीला यंत्राच्या ओळखीची गोष्ट येते. प्रत्येक यंत्राला आपले नाव आणि आतील एक ओळख-क्रमांक असतो. प्रत काढण्यापूर्वी ती ओळख पुसावी लागते, म्हणजे प्रत्येक नवे यंत्र पहिल्यांदा जागे होताना आपली स्वतःची ओळख धारण करते. विंडोजमध्ये त्यासाठी सिसप्रेप नावाचे साधन आहे. हे विसरले तर एकाच क्रमांकाची वीस शिधापत्रिका असल्यासारखा घोळ होतो. दुरुस्त्या वाटणाऱ्या मध्यवर्ती संगणकाच्या यादीत वीस यंत्रांऐवजी एखादेच दिसते. वरिष्ठ कचेरीला वाटते, एक यंत्र दुरुस्त झाले, काम संपले. उरलेली एकोणीस कोणाच्या हिशेबातच नसतात.

ताजेपणाचाही अतिरेक होऊ नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीकडून एक सदोष भर जगभरच्या विंडोज यंत्रांना एकदम पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे पंच्याऐंशी लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. तेव्हा नवी प्रत तयार झाली की ती प्रथम एका यंत्रावर उतरवावी. तेथे मुद्रकाने कागद बाहेर येतो का, मराठी उमटते का, दाखल्याचे संकेतस्थळ उघडते का, हे ज्याला ते रोज करायचे आहे त्याच्याच हातून तपासून घ्यावे. आठवडाभर त्या यंत्रावर काम चालू द्यावे आणि मग उरलेली भरावीत. मागची एक प्रत पुसू नये. नवी दगा देईल तर परत जायला वाट हवी.

येथे कोणी विचारील, हे सर्व दर महिन्याला कोण करणार? प्रश्न रास्त आहे. मोठ्या कचेरीत, जेथे दर आठवड्याला एखादे तरी यंत्र भरले जाते, तेथे दर महिन्याला केलेच पाहिजे. शाळेला मी एवढे कडक व्रत सांगणार नाही. वर्षारंभापूर्वी एकदा, चतुर्थीच्या सुटीत एकदा आणि प्रात्यक्षिक परीक्षांच्या महिनाभर आधी एकदा, अशा तीन खेपा केल्या तरी थकबाकी चार-पाच महिन्यांच्या वर साचत नाही. एका खेपेला एका माणसाचा अर्धा दिवस लागतो, आणि त्यातला बराच वेळ यंत्रापुढे बसून पाहण्यातच जातो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र काहीही नवे करू नये.

खरी अडचण वेळेची नाहीच, ती विसरण्याची आहे. आपल्या सरकारी व्यवस्थेत माणसांची बदली होते. ज्या तंत्रज्ञाने प्रत केली तो पेडण्याहून काणकोणला जातो आणि मागे एक पेन ड्राइव्ह उरतो, त्यावर लिहिलेले असते "फायनल". शेजारी दुसरा असतो, त्यावर "फायनल नवीन". यांतले नवीन कोणते आणि केव्हाचे, हे सांगणारा कोणी नसतो. ज्या शिबिराची गोष्ट मी सांगितली तेथे नेमके हेच झाले होते. म्हणून प्रतीच्या नावातच तिची तारीख असावी आणि तिच्यासाठी एक साधी नोंदवही असावी. प्रत कोणत्या दिवशी काढली, कोणत्या महिन्यापर्यंतची दुरुस्ती तिच्यात आहे, कोणती साधने आहेत, कोणी तपासली, कोणकोणत्या यंत्रांवर उतरवली. आवक-जावक नोंदणाऱ्या आपल्या लिपिकांना हे शिकवावे लागणार नाही. बदलीच्या वेळी किल्ल्यांबरोबर ही वहीही ताब्यात द्यावी व घ्यावी, आणि तसे कार्यभार-पत्रात लिहावे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्या बहुतेक शाळा आज त्याच वळणावर उभ्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विशेष मुदतवाढ घेतली नसेल तर त्या प्रणालीच्या प्रतीत घालायला नवी दुरुस्तीच मिळत नाही. आपण कितीही नेमाने वही ठेवली तरी त्या प्रतीचा काळ ऑक्टोबर २०२५ लाच थांबला. विंडोज ११ घालावे तर त्यासाठी लागणारी सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रक्रियक शाळांतील जुन्या यंत्रांत नसतो. अशी यंत्रे चालती असूनही भंगारात जाणार काय? माझ्या मते घाईने जाऊ नयेत. केरळ राज्यात सरकारी शाळांसाठी लिनक्सवर आधारलेली, शाळेला लागणारी सर्व साधने आत घातलेली स्वतःची प्रणाली तयार करण्यात आली आहे आणि तेथील काइट ही सरकारी संस्था तिची निगा राखते. एका ठिकाणी सांभाळलेली प्रत शेकडो शाळांना पोहोचवता येते, याचे हे आपल्याच देशातले उदाहरण आहे. तिचा पाया असलेल्या उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेव्हा लिनक्स घेतले म्हणून निगा सुटते असे नाही. तेथेही मुदत असते आणि तीही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी लागते.

त्या वृद्ध बाईंना त्यांचा दाखला तीन आठवड्यांनी भरलेल्या दुसऱ्या शिबिरात मिळाला. त्या वेळी यंत्रे दोन दिवस आधी भरून, तार लावून, तपासून ठेवली होती. मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एक-चौदाचा दाखला देऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मागीर पयलीं कित्याक केलें ना?" याचे उत्तर त्याही दिवशी माझ्यापाशी नव्हते.

पलीकडच्या वर्गात एक यंत्र आणि या महिन्याची प्रत तयार ठेवली आहे. चहा झाल्यावर आमचे तंत्रज्ञ ती आपल्यासमोर उघडून तिच्यात दुरुस्तीचे पुडके घालून दाखवतील. ज्या शाळांनी आपले पेन ड्राइव्ह बरोबर आणले आहेत त्यांनी ते दारापाशी नोंदवावेत. प्रत्येकावरील प्रत कोणत्या तारखेची आहे, ते आपण आधी पाहू. नोंदवहीचे कोरे नमुने मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहेत.